बायोमेडिकल तंत्रज्ञानाचा गावातल्या माणसाला खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय, बायोमेडिकलला प्रवेश घ्यायचा आहे, पण ही यंत्रं मोठ्या हॉस्पिटलांपुरतीच राहतात की गावांच्याही कामी येतात? मी नागपुरात लॅब टेक्निशियन आहे, म्हणून विदर्भातल्या सिकलसेलबद्दलच सांगते. हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार; त्यात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात.

आमच्या शिबिरांत आधी फक्त सोल्युबिलिटी टेस्ट व्हायची. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. स्वस्त, सोपी, पण माणूस नुसता वाहक, म्हणजे एएस पॅटर्नचा (एक जनुक नेहमीच्या ए हिमोग्लोबिनचं, एक सिकलच्या एसचं), की एसएसचा रुग्ण (दोन्ही जनुकं एसची), हे त्यातून कळत नाही. तान्ह्या बाळावर तर तिचा भरवसाच नाही, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. मग शिरेतलं रक्त काढून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्यांसाठी शहरात पाठवायचं. यंत्र अचूक होतं. पण रिपोर्ट गावात पोचेपर्यंत माणूस कामासाठी दुसरीकडे गेलेला असायचा.

रामटेककडच्या एका शिबिरात एक गरोदर मुलगी आली. लग्नाआधी तिचं रक्त घेतलं होतं, रिपोर्ट हाती पडलाच नव्हता. ‘मले तर काईच त्रास नाई जी,’ ती म्हणाली. वाहकाला बहुधा नसतोच. नवराही एएस निघाला. म्हणजे दर खेपेला बाळ एसएस असण्याची शक्यता 25 टक्के. हे तिला लग्नाआधी कळायला हवं होतं. ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता गर्भचाचणीच्या कार्डासारखी पट्टी आली आहे. बोटातला थेंब, काही मिनिटं, आणि ए व एसच्या रेघा वेगवेगळ्या. माणूस समोर बसलेला असतानाच सांगता येतं. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत 0 ते 40 वयाच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरली होती. इतकं मोठं काम अशा पट्टीशिवाय होणार नाही, असं माझं मत आहे.

त्याच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेत सिकलसेलवरच्या कॅसजेव्ही या जनुकोपचाराला मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. मला त्याचं अप्रूप आहेच. पण एसएस बाळ जन्मताच सापडलं, तर पेनिसिलिन, लसी आणि पुढे हायड्रॉक्सियुरिया हे औषध, एवढ्यानेही त्याचं आयुष्य बदलतं.

प्रवेश नक्की घ्या. आणि मे महिन्यात, 45 अंशांत, जीपमध्ये दिवसभर राहिलेली पट्टी बरोबर उत्तर देईल ना, यावर काम करा.