‘काय बघतेस गं रोज एवढं?’ मालिकांबद्दल आलेली तुमची पत्रं

मागच्या अंकात एका वाचकाने मालिकांवर दोन ओळी काय लिहिल्या, या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं त्याच विषयावर आली. सगळी छापणं शक्य नाही, पाच निवडलीत.

प्रश्न : ताई, माझी आई ६४ वर्षांची आहे, तिने ३० वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता संध्याकाळी सात ते नऊ ती टीव्हीसमोरून हलत नाही, लागोपाठ चार सिरियल. मी फोन केला तर म्हणते "थांब, ब्रेकमध्ये करते". एवढी हुशार बाई असलं काहीतरी बघत बसते याचं मला खरंच वाईट वाटतं. तिला यातून बाहेर कसं काढू?
– एक लेक

उत्तर : आधी एक सांग, तू कधी तिच्या शेजारी बसून अख्खा एक एपिसोड बघितलायस का, हातात मोबाइल न घेता? टोमणा मारत नाहीये गं, मी स्वतःसुद्धा कितीतरी वर्षं बसले नव्हते. माझे वडील गेले त्यानंतर महिनाभर मी आईकडे राहिले तेव्हा पहिल्यांदा बसले. टायटल साँग सुरू झालं की आई चष्मा काढायची, पुसायची, परत घालायची आणि सरळ होऊन बसायची, कोणीतरी भेटायला येणार असल्यासारखी. त्या मालिकेत मोठी बहीण स्वतःचं आजारपण धाकटीपासून लपवत होती. आई स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाली, "सांगून टाक गं, नंतर जास्त लागतं." मी एकदम तिच्याकडे बघितलं, कारण वडिलांचा आजार तिने आम्हा भावंडांपासून चार महिने लपवला होता आणि त्याबद्दल तोवर एक अक्षर बोलली नव्हती. त्या रात्री टीव्ही बंद केल्यावर सगळं बोलली, कोणत्या दिवशी कळलं, कोणाला आधी सांगावंसं वाटलं, का नाही सांगितलं. मी समोर बसून विचारलं असतं ना, तर तिने विषय बदलला असता.

म्हणून मला तुझा ‘बाहेर कसं काढू’ हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवावासा वाटतो. "असलं काहीतरी बघणारी बाई" ही जी प्रतिमा आपल्या डोक्यात आहे ना, ती टीव्हीपेक्षाही जुनी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत दुपारच्या वेळी रेडिओवर या मालिका लागायच्या, साबण आणि धुण्याची पावडर बनवणाऱ्या कंपन्या त्यांचा खर्च उचलायच्या, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडलं, आणि त्या नावात तेव्हापासूनच थोडी चेष्टा आहे. बाया ऐकतात म्हणजे हलकं असणार, एवढाच त्यातला तर्क. हर्टा हेरत्सोग नावाच्या संशोधक बाईंनी मात्र १९४० च्या आसपास ऐकणाऱ्या बायकांनाच जाऊन विचारलं की तुम्हाला यातून काय मिळतं. तीन गोष्टी पुढे आल्या: मन मोकळं होतं, आपल्या वाट्याला न आलेलं थोडा वेळ जगता येतं आणि, ही तिसरी मला फार आवडते, सल्ला मिळतो, अशा वेळी माणसाशी कसं वागावं ते कळतं.

पुढे १९८० च्या दशकात नेदरलँड्समध्ये इयेन आंग या अभ्यासक बाईंनी एका मासिकात छोटी जाहिरात दिली, की ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका तुम्हाला का आवडते किंवा का नाही ते मला लिहून कळवा. ४२ पत्रं आली. मालिका तेलाच्या धंद्यातल्या गडगंज कुटुंबाची आणि पत्रं लिहिणारे साधे लोक, पण काहींचं म्हणणं असं की बंगले, गाड्या, कारस्थानं काही आमच्यासारखं नाही हे कळतं की आम्हाला, पण त्यातलं दुखावलं जाणं, हेवा, आपल्याच माणसाने फसवणं हे खरं वाटतं. म्हणजे बघणारा माणूस खोटं आणि खरं वेगवेगळं करूनच बघत असतो.

आणि तुझी आई गणिताची शिक्षिका आहे हे विसरू नकोस. मालिका बघणं हा बराचसा हिशोब असतो, कोणाला काय माहितीये, कोणाला नाही, कोणी कोणाला अर्धंच सांगितलंय, ते गुपित आता कोणामार्फत फुटेल. बघणाऱ्याला पात्रांपेक्षा जास्त माहीत असतं आणि त्यामुळेच तो टीव्हीशी बोलतो. चार मालिकांमधली तीस-पस्तीस माणसं आणि त्यांची भांडणं डोक्यात ठेवून रोज पुढचा अंदाज बांधणं, हे काम डोकं बंद ठेवून होत नाही.

एक गोष्ट मात्र बघ. तिचं बाहेर जाणं, मैत्रिणींना भेटणं, झोप, हे सगळं नीट चालू असेल तर काळजीचं काही नाही. तेच बंद पडलं असेल तर दुखणं दुसरं काहीतरी आहे, टीव्ही नुसता त्या जागी येऊन बसलाय, आणि मग रिमोट काढून घेतलास तर उलट तिच्याकडे काहीच उरणार नाही. आज नऊनंतर फोन कर आणि "आज काय झालं?" एवढंच विचार.

प्रश्न : मी ४७ वर्षांचा पुरुष, कारखान्यात सुपरवायझर आहे. बायकोबरोबर बघता बघता मलाही एका डेली सोपची सवय लागली. आता शिफ्ट असली की मी ब्रेकमध्ये इयरफोन लावून मोबाइलवर राहिलेला भाग बघतो. परवा एका सहकाऱ्याने स्क्रीन बघितली आणि सगळ्यांसमोर हसला. तेव्हापासून मी लपून बघतो. पुरुषांनी असं बघणं विचित्र आहे का?

उत्तर : अजिबात नाही दादा, आणि तुम्ही एकटेही नाही आहात, तुमच्यासारखे लपून बघणारे भरपूर आहेत म्हणून तुम्हाला एकटं वाटतं. दुपारच्या मालिका बायकांसाठी ही जुनी विभागणी मुळात वेळेमुळे झालेली, दुपारी घरी कोण असतं त्यावरून. लॅटिन अमेरिकेत हीच गोष्ट संध्याकाळी-रात्री लावली, टेलेनोव्हेला म्हणतात त्यांना, आणि तिथे घरातले बाप्ये, पोरं, म्हातारे सगळे एकत्र बघायला लागले, त्यात कोणाला काही वेगळं वाटत नाही. ब्रिटनमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही एका कामगार वस्तीतल्या गल्लीची मालिका डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली ती अजून चालू आहे, तीही संध्याकाळचीच. अमेरिकेत १९८० च्या सुमारास कॉलेजची मुलं-मुली हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये गर्दी करून ‘जनरल हॉस्पिटल’ ही मालिका बघायची, १९८१ मध्ये त्यातल्या जोडीचं लग्न लागलं तेव्हा जवळपास ३ कोटी लोकांनी ते बघितलं आणि तेसुद्धा दुपारच्या वेळी. एवढ्या सगळ्या काही गृहिणी नव्हत्या.

आणखी एक. जो सहकारी हसला तो एखाद्या टीमचं सगळं बघत असेलच की, कोण कोणाशी भांडला, कोणाला बाहेर बसवलं, कोणाचं पुनरागमन झालं, त्यावर तो तावातावाने बोलतही असेल. रोज थोडं थोडं उलगडणारी माणसांची गोष्ट त्यालाही हवीच असते, फक्त त्याला मैदानाचं नाव असल्यामुळे कोणी हसत नाही. तुम्ही पुढच्या वेळी मोबाइल लपवू नका. आणि बायकोबरोबर बघता ते सोडू नका. दिवसभराच्या कामानंतर नवरा-बायकोला ज्या विषयात घरखर्च नाही, मुलांचे मार्क नाहीत असा एक विषय मिळतो, त्यावर दोघांची मतं वेगळी असतात आणि भांडण होत नाही. अशी किती ठिकाणं असतात संसारात?

प्रश्न : एक थोबाडीत मारली की तीन वेळा दाखवतात, मग सगळ्यांचे चेहरे, मग म्युझिक, मग ब्रेक. पंधरा दिवस बघितलं नाही तरी गोष्ट तिथंच असते. इतकं पाणी का घालतात आणि लोक ते सहन कसं करतात?

उत्तर : पाणी घालतात हे खरंय आणि कधी कधी त्याचा मलाही राग येतो, टीआरपी चांगला आला की संपायला आलेला ट्रॅक परत ताणतात ते तर सरळ दिसतं. पण सगळंच पाणी नाही. रोज एक एपिसोड तयार व्हायचा म्हणजे ठरलेले दोन-चार सेट, थोडी माणसं आणि बोलण्यावर चाललेली गोष्ट, तिथे धावपळ, लढाया परवडत नाहीत. शिवाय बघणारा माणूस सलग बसलेला नसतो, हातात काम असतं, मध्ये बेल वाजते, दोन दिवस गावाला गेलेला असतो, त्यामुळे तीच माहिती तीन वेगवेगळ्या तोंडून परत सांगावी लागते. टीव्हीकडे पाठ करून काम करणाऱ्याला नुसतं ऐकून कळलं पाहिजे ही रेडिओपासूनची सवय आहे ही.

आणि ते चेहऱ्यांचं म्हणाल तर मला वाटतं खरी ओढ तिथंच आहे. खऱ्या आयुष्यात कोणाला वाईट बातमी कळली की आपण नजर वळवतो, तसं टक लावून बघणं बरं दिसत नाही. इथे तो चेहरा समोर धरलेला असतो, बघा हवं तेवढं. बातमी कळली हे एका सेकंदात होतं, पण ती कळल्यावर त्या घरातल्या सहा माणसांचं काय झालं हे बघायलाच तर लोक बसलेले असतात.

लांबीचं म्हणाल तर अमेरिकेतली ‘गायडिंग लाइट’ १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये संपली. ७२ वर्षं! आईने ऐकलेली, लेकीने आणि नातीने बघितलेली. उलट टेलेनोव्हेला साधारण काही महिन्यांत संपते, तिला शेवट ठरलेला असतो. माझं स्वतःचं मत टेलेनोव्हेलाच्या बाजूने आहे, शेवट माहीत असलेला लेखक पात्रांना उगाच मूर्ख बनवत नाही.

प्रश्न : मालिकांमुळे लोक बिघडतात असं माझ्या सासऱ्यांचं ठाम मत आहे. खरंच परिणाम होतो का?

उत्तर : परिणाम होतो, पण तो बिघडण्याच्याच दिशेने होतो असं नाही. ब्राझीलमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी १९६५ ते १९९९ या काळातल्या तिथल्या सगळ्यात मोठ्या चॅनेलच्या ११५ मालिका तपासल्या. त्यातल्या पन्नाशीपर्यंतच्या नायिकांपैकी ७२ टक्के नायिकांना मूलच नव्हतं आणि २१ टक्क्यांना एकच. आणि ज्या ज्या भागात त्या चॅनेलचा सिग्नल पोचला तिथे जन्मदर कमी झाला, लोक मुलांना मालिकेतल्या पात्रांची नावं ठेवायला लागले. कोणी भाषण दिलं नव्हतं, लहान कुटुंब सुखात राहताना रोज डोळ्यासमोर दिसत होतं एवढंच. मेक्सिकोत मिगेल साबिदो या निर्मात्याने तर १९७५ मध्ये मुद्दामच प्रौढ साक्षरतेवर मालिका केली आणि ती बघून लोक खरोखर वर्गात नाव घालायला आले. त्याच धर्तीवर आपल्याकडे १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली, भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन बघणाऱ्यांशी बोलायचे आणि लोक पात्रांनाच उद्देशून पत्रं पाठवायचे, तुमचं काय चुकतंय ते सांगायला.

ज्या मालिकेत अपमान गिळत राहणं हाच मोठा गुण म्हणून दाखवतात ती मला मनापासून खटकते आणि तिथे तुमच्या सासऱ्यांचा मुद्दा मला पटतो. पण टीव्ही बंद करण्यापेक्षा तिथेच बसून मोठ्याने म्हणा की मी असते तर ऐकून घेतलं नसतं. घरातल्या मुलीला ते वाक्य ऐकू गेलं पाहिजे.

प्रश्न : मी बघत असलेली मालिका पाच वर्षांनी संपली. ताई, मला रडू आलं आणि अजून करमत नाही. हे वेडेपणाचं आहे का?

उत्तर : नाही गं. पाच वर्षं आठवड्याचे सहा दिवस ठरलेल्या वेळी तीच माणसं समोर यायची, काही नातेवाईक आपल्याला पाच वर्षांत सहा वेळा भेटत नाहीत. १९५६ मध्येच हॉर्टन आणि वोल या दोन अभ्यासकांनी लिहून ठेवलंय की पडद्यावरच्या माणसाशी बघणाऱ्याचं एक प्रकारचं नातं तयार होतं, एकतर्फी असतं ते. पण वाटणारं प्रेम आणि तुटल्यावर होणारं दुःख खरंच असतं. दोन-तीन आठवडे त्या वेळेला हात रिमोटकडे जाईल, जाऊ दे. लगेच दुसरी मालिका धरायची घाई नको करूस. त्यापेक्षा तीच मालिका बघणारं दुसरं कोणीतरी शोध आणि बोल. माझ्या आईची ती दोन बहिणींची मालिका संपली त्या रात्री तिने मावशीला फोन लावला आणि शेवट कसा करायला हवा होता यावर दोघी पाऊण तास बोलत होत्या.