प्रवास, खाणं, पुस्तकं सगळ्यावरच लिहावंसं वाटतं. ब्लॉगसाठी एक विषय कसा ठरवू?

आवडीचा विषय घ्या आणि त्याला जागा, वाचक व एखादी व्यावहारिक अट लावून तो अरुंद करा. ‘प्रवास’ हा विषयच नाही. ‘सह्याद्रीतले किल्ले’सुद्धा अजून ऐसपैसच. ‘स्वतःची गाडी नसलेल्यांसाठी, लोकलने जाऊन एका दिवसात परतता येतील असे किल्ले’ म्हटलं की आसनगावहून माहुली, मळवलीहून लोहगड-विसापूर अशी यादी आपोआप सुरू होते. शिवाय प्रत्येक लेखात काय द्यायचं तेही ठरतं: स्टेशनपासून पायथ्यापर्यंतची सोय, चढाईचा वेळ, पाणी कुठे मिळतं, परतीची शेवटची गाडी. इतिहास नको असं नाही, पण तो इतरत्र भरपूर सापडतो.

आता चाचणी. एका बैठकीत 20 शीर्षकं लिहून काढा. ‘माझा अविस्मरणीय ट्रेक’ धरू नका, शीर्षकातून नेमकी माहिती कळली पाहिजे. आठ-दहावरच अडलात तर विषय फार आवळला गेलाय. एक अट सैल करा, म्हणजे लोकलबरोबर एसटी घ्या किंवा एका रात्रीचा मुक्काम चालवून घ्या. वीस झाली, पण निम्मी शीर्षकं वेगळ्याच वाचकासाठी आहेत असं दिसलं, तर विषय अजून सैलच आहे. बहुतेकांची गाडी इथेच अडते, कारण विषय ठरवतात आणि वाचक ठरवायचा राहतो.

हे सगळं अनोळखी वाचक हवे असतील तरच. घरच्यांसाठी, मित्रांसाठी लिहायचं असेल तर खुशाल सगळ्यावर लिहा.