वाचकांचे प्रश्न : आईचे म्हणणे डॉक्टरांना कोणी सांगावे?

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे मेलबर्नला राहतो. वडील गेल्यावर आईला साताऱ्याहून इकडे आणले आणि तिला कायम वास्तव्याचा व्हिसा मिळाला. तिचे वय ७८ आहे. इंग्रजी तिला जेमतेम समजते, बोलता येत नाही. गेल्या वर्षभरात ती तेच तेच विचारते, दोनदा गॅस चालू राहिला. डिसेंबरात तिच्या स्मरणशक्तीची तपासणी झाली, तेव्हा सुट्टी होती म्हणून माझा बारा वर्षांचा मुलगा सोबत गेला आणि त्याने प्रश्न मराठीत सांगितले. ‘सध्या कोणता ऋतू आहे?’ याला आईने ‘हिवाळा’ असे उत्तर दिले, ते चूक धरले गेले आणि एकूण गुणही कमी आले. घरी मदतीला कोणी यावे असे आम्हाला वाटते, पण ‘परक्या बाईशी मी काय बोलू?’ म्हणून ती नको म्हणते. आम्ही काय करावे?
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : डिसेंबर म्हणजे हिवाळा हे आपल्या आईंच्या मनात साठ-सत्तर वर्षे पक्के बसलेले आहे आणि तिकडे त्या वेळी ऐन उन्हाळा असतो, त्यामुळे या एका उत्तरावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र ‘ते ऋतूमुळे झाले’ असे म्हणून आपण निर्धास्तही होऊ नये, कारण गॅस चालू राहण्याचा ऋतूशी काही संबंध नाही. तपासणी पुन्हा करून घ्यावी, पण ती वेगळ्या रीतीने व्हावी.

सर्वत्र वापरली जाणारी तीस गुणांची जुनी चाचणी इंग्रजी बोलणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तयार झालेली आहे. तीत एक इंग्रजी वाक्प्रचार जसाच्या तसा म्हणून दाखवायचा असतो. त्यातली अवघड जागा इंग्रजी उच्चारांत आहे, आणि मराठीत आणल्यावर ती उरतच नाही. ही अडचण ओळखून सिडनीमध्ये ‘रूडास’ ही चाचणी तयार झाली व २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. भाषा आणि शिक्षण यांचा परिणाम निकालावर कमीत कमी व्हावा, असा तिचा हेतू आहे. तीत वाणसामानाच्या चार वस्तू लक्षात ठेवायच्या असतात : चहा, खाण्याचे तेल, अंडी आणि साबण. (घरी अंडे न शिजवणाऱ्या आजींनी नाक मुरडले तरी चालेल, वस्तू आठवली पाहिजे.) एका हाताची मूठ आणि दुसऱ्याचा तळवा आळीपाळीने बदलायचा, सिग्नल नसलेला रहदारीचा रस्ता कसा ओलांडाल ते सांगायचे, असेही त्यात आहे. डॉक्टरांकडे या चाचणीचे नाव घेऊन मागणी करण्यात संकोच वाटू देऊ नये.

आता मुख्य मुद्दा, आणि तो थोडा कडक शब्दांत सांगतो. नातवाला दुभाषा करणे बंद करावे. त्याचप्रमाणे आपणही दुभाषाचे काम करू नये. मुलाचे मराठी कच्चे आहे म्हणून हे सांगत नाही. घरचे माणूस भाषांतर करताना नकळत सावरून घेते, म्हणून सांगतो आहे. आई ‘आता जीव नकोसा झाला आहे’ म्हणते आणि मुलगा डॉक्टरांना ‘ती जरा दमली आहे’ असे सांगतो. लघवीवर ताबा राहत नाही हे तर नातवासमोर कोणतीही आजी बोलणार नाही. शिवाय आपल्या भाषेतले दुखण्याचे शब्द फसवे आहेत. ‘पित्त झाले’ म्हणजे आंबट ढेकर येऊन छातीत जळजळते, आणि ‘पित्त उठले’ म्हणजे अंगावर गांधी येऊन खाज सुटते. एका क्रियापदाने आजार बदलतो. ‘कळ’, ‘ठणका’ आणि ‘चमक’ यांतला फरक बारा वर्षांच्या मुलाला कुठून कळावा?

ऑस्ट्रेलियात सरकारी दुभाषासेवा दूरध्वनीवर १९७३ पासून आहे. तिचा क्रमांक १३१ ४५० असून ती दिवसरात्र चालते. सार्वजनिक रुग्णालयात दुभाषा विनामूल्य मिळतो, आणि मेडिकेअर (तिकडची सरकारी आरोग्यविमा योजना) असलेल्या रुग्णासाठी खासगी डॉक्टरांनाही ही सेवा विनाशुल्क वापरता येते. अनेकदा डॉक्टर आपणहून ती वापरत नाहीत एवढेच. वेळ ठरवतानाच दुभाषा हवा असे सांगावे आणि भाषा ‘मराठी’ अशी स्पष्ट नोंदवून घ्यावी. केवळ ‘इंडियन’ अशी नोंद झाली, तर समोर हिंदीचा दुभाषा येऊन बसण्याची शक्यता असते. आपल्या आई हिंदी मालिका पाहत असतील, पण मालिका समजणे वेगळे आणि पोटातले दुखणे हिंदीत सांगणे वेगळे. स्मृतिभ्रंशात उशिरा शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते, हेही लक्षात ठेवावे.

घरच्या मदतीबाबत. वृद्धसेवेच्या दुरवस्थेची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अंतिम अहवाल २०२१ मध्ये आला आणि त्यानंतर झालेला नवा कायदा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यात आपल्या पसंतीच्या भाषेत संवाद साधण्याचा आणि त्यासाठी दुभाषा मिळण्याचा हक्क नमूद केलेला आहे. त्याच दिवसापासून घरगुती मदतीची ‘सपोर्ट अ‍ॅट होम’ ही योजना सुरू झाली. ‘माय एज्ड केअर’ या सरकारी वृद्धसेवा केंद्राकडे नोंदणी केली की मूल्यमापनासाठी माणूस येतो, त्या दिवशीही दुभाषा मागावा, आणि आईंना ‘पाहुणे येणार’ म्हणून घर आवरून, ठेवणीतले पातळ नेसून बसू देऊ नये. आपली माणसे पाहुण्यांसमोर सगळे ठीक असल्याचे दाखवतात आणि मदत कमी मंजूर होते.

मराठी बोलणारी मदतनीस मिळालीच तर उत्तम, पण तिच्यासाठी थांबून राहू नये. ग्रीक समाजाने फ्रोंडिथा केअरसारखी स्वतःची संस्था मेलबर्नमध्ये उभी केली. त्यांची माणसे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत आली आणि तिथेच म्हातारी झाली. आपला समाज त्या मानाने नवा आहे. आपली अशी संस्था उभी राहीपर्यंत, मदतीला येणाऱ्या बाईंसाठी इंग्रजीत अर्धे पान लिहून ठेवावे : आईंना पहिल्या नावाने हाक मारू नये, ‘आजी’ म्हणावे, आंघोळ झाल्याशिवाय त्या खात नाहीत, एकादशीला भात चालत नाही, साबुदाणा चालतो, आंघोळीला मदत बाईनेच करावी. तिकडे पहिल्या नावाने बोलावणे हा स्नेह समजला जातो, आपल्या आईंना तो उद्धटपणा वाटेल. पहिले चार दिवस बाईंना आंघोळ वगैरे काही सांगूच नये. भाजी निवडायला दोघींना एकत्र बसवावे. मेथी निवडायला भाषा लागत नाही.

प्रश्न : वडील तात्पुरत्या पालक व्हिसावर (८७०) आमच्याकडे येत आहेत. त्यांनाही मेडिकेअरसारख्या सरकारी आरोग्यसोयी मिळतील का?
– एक वाचक, सिडनी

उत्तर : या व्हिसावर मेडिकेअर मिळत नाही, आणि भारताचा ऑस्ट्रेलियाशी परस्पर आरोग्यसेवेचा करारही नाही, खासगी आरोग्यविमा ही व्हिसाचीच अट आहे. पॉलिसी घेताना आधीपासून असलेल्या आजारांचे कलम नीट वाचावे. औषधांच्या यादीत भारतातल्या ब्रँडसोबत मूळ औषधाचे नाव आणि मात्रा लिहून आणावी, कारण आपल्याकडचे ब्रँड तिथल्या औषधविक्रेत्याला बहुधा ओळखू येत नाहीत.