शिकोकूत सायकलवर माणसं भेटतील का?

जपानी येत नाही, एकटाच सायकल घेऊन शिकोकूला चाललोय, तर खेड्यांत कोणी बोलेल का, असा तुमचा प्रश्न आहे. बोलतील. फक्त तुम्ही थांबायला हवं.

जपानच्या या बेटाभोवती ८८ बौद्ध देवळांची यात्रा आहे, साधारण १,२०० किलोमीटरची, बौद्ध भिक्षू कोबो दाइशी म्हणजे कुकाई (इ.स. ७७४–८३५) यांच्या नावाने चालणारी. यात्रेकरूच्या हातावर काहीतरी ठेवायची तिथली जुनी रीत आहे, तिला ओसेत्ताई म्हणतात. वारीच्या वाटेवर गावकरी चहा-केळी घेऊन उभे असतात ना, तोच भाव. संत्री, चहाची बाटली, भाताचा ओनिगिरी, आणि कधी चक्क शंभर येनचं नाणं. आपल्या मध्यमवर्गीय मनाला नाणं घ्यायचा फार संकोच होतो. तरी घ्या. तुम्हाला दिलेलं दाइशींना पोचतं अशी देणाऱ्याची श्रद्धा असते, त्यामुळे ‘नको नको’ केलं की त्याचा हिरमोड होतो. पैसे मात्र आपण चुकूनही पुढे करू नये.

परतफेड ओसामेफुदाने करतात. ही नाव, गाव, तारीख लिहायची कागदी पट्टी. नवख्यांची पांढरी असते. नारुतोजवळच्या र्योझेन्जी या पहिल्या देवळात गठ्ठा विकत मिळतो. थोड्या पट्ट्या आदल्या रात्रीच भरून हॅंडलच्या पिशवीत ठेवा आणि दोन्ही हातांनी द्या. पत्त्यात भारत दिसला की ‘इंदो!’ असा उद्गार येतो आणि मग करीपासून बुद्धापर्यंत गप्पा, अर्ध्या फोनवरच्या भाषांतरावर, अर्ध्या हातवाऱ्यांवर. देवळातल्या दगडांवर सिद्धम् लिपीतली अक्षरं असतात. ती भारतातून आलेली, हे तिथल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना ठाऊक असतं आणि ते तुम्हाला हौसेने दाखवतात.

एक स्पष्ट सांगतो: देवळं करायची नसतील तर यात्रेकरूंचा पांढरा अंगरखा चढवून फिरू नका. फुकटच्या संत्र्यांसाठी यात्रेकरू बनणारे पाहिलेत, आवडत नाही. सायकलने यात्रा करायला मात्र कुणाचीच हरकत नसते.

थांबायचं कुठे? वाटेवर यात्रेकरूंसाठी बांधलेल्या छोट्या शेड असतात, तिथे शेजारपाजारचे आजीआजोबा येऊन बसतात. तरुण मंडळी शहरांकडे गेल्यामुळे डोंगरी गावांत बहुतेक वयस्कच भेटतात आणि त्यांच्याकडे वेळ असतो. हायवेलगतचं मिचि-नो-एकी, म्हणजे प्रवाशांचा थांबा, हे दुसरं ठिकाण. स्वच्छतागृह, स्थानिक भाजी-फळं आणि सायकलीकडे पाहून ‘कुठून आलात?’ विचारणारे लोक, सगळं तिथे. कागावा प्रांतातली उदोनची (जाड नूडल्सची) दुकानंही छान, पण शाकाहारी असाल तर सावध राहा: रश्शात बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो. असं आयत्या वेळी कळण्यापेक्षा जपानीत लिहिलेली चिठ्ठी खिशात असू द्या.

शिकोकूतल्याच कोची प्रांताच्या बाजूला चित्र बदलतं. ३७ आणि ३८ क्रमांकाच्या देवळांमधलं अंतर ऐंशी किलोमीटरच्या वर आहे, वस्ती विरळ आणि मध्ये बोगदे. तिथे गप्पांपेक्षा मागचा लाल दिवा आणि चमकणारं जॅकेट महत्त्वाचं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तेवढी सोय.

शिमानामी काइदोचं सगळे सांगतील. १९९९ साली पूर्ण झालेला, पुलांवरून जाणारा सुमारे ७० किलोमीटरचा सायकलमार्ग, रस्त्यावर निळी रेघ. देखणा आहेच, पण तिथे भेटतात ते जास्त करून आपल्यासारखे सायकलवालेच. हाताशी आठवडाच असेल तर मी तो सोडून तोकुशिमातली पहिली दहा देवळं सावकाश करीन. योशिनो नदीच्या काठाने ती जवळजवळ आहेत आणि चढही फारसा नाही. बाराव्या देवळाचा चढ मात्र पहिल्याच आठवड्यात अंगावर घेऊ नका. ट्रेनने परतताना सायकल सुटी करून रिन्को पिशवीत पूर्ण झाकावी लागते, ती पिशवी इथूनच घेऊन जा.