टेपवर्मची भीती, परराज्यातल्या ताई आणि सोसायटीचा ठराव

प्रश्न : आम्ही शाकाहारी. मुलीला फिट आली, एमआरआयमध्ये मेंदूत टेपवर्मची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, अंडी कुणाच्या तरी हातांवाटे अन्नात गेली असावीत. आमच्याकडे परराज्यातल्या ताई स्वयंपाक करतात. सोसायटीने ठराव केला की परराज्यातल्या सगळ्या कामवाल्यांनी शौच तपासणीचा रिपोर्ट आणावा, नाहीतर गेटवरूनच परत. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ताईंचं नाव फिरतंय. माझा परवान्याचा डब्यांचा व्यवसायही आहे. तपासणीची सक्ती करता येते का? ताईंना काढू का?

उत्तर : काढू नका, निदान एवढ्यावरून तरी नाही. मुलीच्या आजारपणात तुमचं मन कुणावर तरी बोट ठेवायला धावणार, हे मी समजू शकतो. पण पुरावा काय आहे ते बघा. अर्धकच्चं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा जंत वाढतो, त्याची अंडी शौचातून बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. न्यूयॉर्कमध्ये १९९०-९१ साली डुकराचं मांस वर्ज्य असलेल्या ज्यू कुटुंबांत असे चार रुग्ण सापडले. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरकामगारांकडून ही लागण झाली असण्याची शक्यता सर्वांत जास्त, असा निष्कर्ष निघाला आणि अशा कामगारांच्या तपासणीची शिफारस झाली. तुमच्या डॉक्टरांचा अंदाज म्हणूनच रास्त आहे. मात्र अंडी पोटात गेल्यापासून फिट येईपर्यंत कित्येक महिने, कधी वर्षंही जातात. तेव्हा तुमच्याकडे कोण काम करत होतं? बाहेरची कच्ची कोशिंबीर, घरातलंच कुणी, आधीच्या बाई, काहीही असू शकतं. नुसत्या एमआरआयवरून न्यायालय ताईंना जबाबदार धरणार नाही.

घरातल्या स्वयंपाकाला अन्न सुरक्षेचे नियम लागू नाहीत. तिथे तुम्ही विनंती करू शकता, सक्ती नाही. शरीराची तपासणी संमतीनेच होते, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानंतर आरोग्याची माहिती ही खासगी बाब आहे याबद्दल वाद उरलेला नाही. माझा आग्रह असा, की घरातल्या सर्वांची तपासणी एकत्र करा, तुमची स्वतःचीसुद्धा. खर्च तुम्ही करा, त्या दिवसाचा पगार कापू नका, रिपोर्ट आधी ताईंच्या हातात द्या. साध्या शौच तपासणीत अंडी अनेकदा नजरेतून सुटतात, म्हणून एका ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका. जंत सापडलाच, तर तो औषधाने जातो. मात्र मेंदूत लपलेली गाठ असेल तर काही औषधांनी फिट येऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांशिवाय गोळी देऊ नका.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एचआयव्हीबाधित कामगाराच्या प्रकरणात म्हटलं, की माणूस काम करायला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ संसर्गावरून त्याला कामापासून दूर ठेवता येत नाही. तो खटला सार्वजनिक क्षेत्रातल्या (सरकारी) कंपनीविरुद्धचा होता, घरकामाला थेट लागू होत नाही. पण उपचार संपल्यावर ताईंना परत घेताना हीच कसोटी लावावी असं मला मनापासून वाटतं.

डब्यांच्या व्यवसायात चित्र वेगळं. परवानाधारकाने अन्न हाताळणाऱ्या सर्वांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून नोंद ठेवणं अन्न सुरक्षेच्या २०११ च्या नियमांत बंधनकारक आहे, आणि अन्नातून पसरणारा आजार असल्याचा संशय असलेल्याला, अन्न दूषित होण्याची शक्यता असेल तर, अन्न हाताळण्याच्या जागी येऊ देता येत नाही. शौच तपासणी त्यात आपोआप येत नाही. डॉक्टरांना तपासताना शंका आली तर ते ही तपासणी करायला सांगतील. गावाकडून आलेला आणि इथला, दोघांना एकच नियम लावा. यात कसूर झाली तर जबाबदारी तुमची.

सोसायटी ताईंची मालक नाही. कोणाच्या घरी कोण कामाला यावं हे कमिटीने ठरवायचं नाही, आणि फक्त परराज्यातल्यांना वेगळं काढणारा ठराव आजाराच्या तर्कालाही धरून नाही, कारण जंत राज्य पाहून येत नाही. सचिवांना लेखी हरकत द्या, पोच घ्या. दाद दिली नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर मात्र आजच काढायला लावा. सिद्ध न झालेला आजार नाव घेऊन पसरवणं ही बदनामी ठरू शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. तक्रार करण्याचा हक्क ताईंचा आहे आणि तो त्यांना सांगणं तुमचं काम आहे.