मार खाऊनही हात न उचलल्याने वर्णद्वेष हटतो का?

तुम्ही विचारलंय, 'अहिंसक आंदोलन म्हणजे निमूटपणे मार खाणं, त्याने वर्णद्वेष कसा हटेल?' 'निमूटपणे' हा शब्द मला पटत नाही. कारण सांगते.

मी नागपूरची, हिस्लॉप कॉलेजात शिकलेली. जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणपणी, १९५३ ते ५६, याच कॉलेजात होते. कोरियाच्या युद्धासाठी सैन्यभरती नाकारली म्हणून तुरुंगात राहून आलेले. इथे त्यांनी सत्याग्रहाचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार घातला, ती बातमीही त्यांनी वाचली ती नागपूरच्या वर्तमानपत्रात.

पुढे अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात चर्चच्या तळघरात ते विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ लागले. वर्ग कसले, तालीमच ती! निम्मी मुलं दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसल्यासारखी बसायची, उरलेली त्यांना शिव्या घालायची, केस ओढायची, तोंडावर धूर सोडायची. उलट हात उचलायचा नाही, मार पडला तर डोकं कसं वाचवायचं, सोबत्याला कसं झाकायचं, हे सगळं घोटून घेतलेलं. डायान नॅश आणि जॉन लुइस हे पुढे गाजलेले विद्यार्थी नेते याच तालमीतले.

१३ फेब्रुवारी १९६० ला ही मुलं दुकानांतल्या 'फक्त गोऱ्यांसाठी' असलेल्या लंच काउंटरवर जाऊन बसली. २७ तारखेला गोऱ्या टोळक्याने त्यांना बडवलं, आणि पोलिसांनी पकडलं मार खाणाऱ्यांनाच. एक तुकडी नेली की रिकाम्या स्टुलांवर दुसरी येऊन बसे. दंड भरायला त्यांनी नकार दिला आणि तुरुंग पत्करला.

पण नुसत्या बसण्याने दुकानदार हलले असते असं मला वाटत नाही. ऐन ईस्टरच्या खरेदीत कृष्णवर्णीय कुटुंबांनी बाजारपेठेवर बहिष्कार घातला, तेव्हा गल्ल्याला झळ लागली. १९ एप्रिलला या मुलांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता चालत महापौरांच्या कचेरीवर गेले. तिथे पायऱ्यांवर डायानने महापौर बेन वेस्ट यांना थेट विचारलं, रंगावरून माणसाला वेगळं काढणं चूक आहे की नाही? सगळ्यांसमोर त्यांना 'चूक आहे' म्हणावं लागलं.

१० मे ला सहा दुकानांचे काउंटर सर्वांना खुले झाले. सहाच. शहरातल्या थिएटरांसाठी त्याच मुलांना पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभं राहावं लागलं. आणि लॉसन? ते शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने तर त्यांना या आंदोलनापायी मार्चमध्येच काढून टाकलं होतं.