एसीत व्हॅक्यूम किती वेळ मारायचा?

प्रश्न : आमचा स्प्लिट एसी एका खोलीतून काढून दुसऱ्या खोलीत बसवला. मेकॅनिकने व्हॅक्यूम करायचा, म्हणजे पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढायचा, पंप आणलाच नव्हता. पाइप जोडले, आउटडोरचा व्हॉल्व्ह किंचित उघडला, दुसऱ्या टोकाने फुस्स करून गॅस सोडला आणि म्हणाला झालं, हवा निघाली. एसी मस्त थंड करतोय. मग व्हॅक्यूमचं एवढं कौतुक कशाला?

उत्तर : थंड करतोय, पण तो आज करतोय. गॅसच्या धक्क्याने बरीचशी हवा निघते हे खरंय पण सगळी निघत नाही, आणि पाइपच्या आतल्या बाजूला चिकटलेली ओल तर जागची हलतही नाही. उरलेली हवा कंडेन्सरमध्ये (आउटडोरच्या ज्या जाळीत गॅसचा द्रव होतो तिथे) जाऊन बसते, तिचा गॅससारखा द्रव होत नाही, नुसती जागा अडवते, मग प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर जास्त करंट खातो आणि तुम्ही म्हणता यंदा बिल का वाढलं. ओल त्याहून वाईट. हल्लीच्या आर-३२ आणि आर-४१०ए (ही गॅसची नावं) मशीनमध्ये बहुतेक वेळा पीओई नावाचं कृत्रिम ऑइल असतं, ते हवेतली ओल भराभर ओढून घेतं आणि पाण्याबरोबर त्याचं हळूहळू अॅसिड बनतं, ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीचं) इन्सुलेशन खातं. जुन्या आर-२२ मध्ये मिनरल ऑइल असायचं, ते पाणी फारसं धरत नसे, म्हणून तेव्हा हे फुस्स प्रकरण खपून गेलं आणि हाताला सवय लागली ती लागलीच.

शिवाय तो सोडलेला गॅस कुठे गेला? आर-३२ चा तापमानवाढीचा परिणाम त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आणि आर-४१०ए चा साधारण २०८८ पट धरतात. २०१६ च्या किगाली करारात जगाने हेच गॅस कमी करायचं ठरवलंय आणि आपण ते गॅलरीत सोडतोय.

प्रश्न : मी एसीचं काम शिकतोय. पंप अर्धा तास चालवला की मॅनिफोल्ड गेजचा (प्रेशर दाखवणाऱ्या मीटरचा) काटा उणे ३० इंच पाऱ्यावर जातो, तरी आमचे सर म्हणतात अजून चालव. नक्की किती वेळ चालवायचा?

उत्तर : सर बरोबर आहेत, पण घड्याळ बघून हे ठरत नाही. आधी व्हॅक्यूम करतो काय ते बघा. बाहेरच्या हवेचं प्रेशर ७६० मिलीमीटर पारा म्हणजे ७,६०,००० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), तिथे पाणी १०० अंशाला उकळतं. तेच प्रेशर साधारण १७,५०० मायक्रॉनवर आणलं की पाणी २० अंशालाच उकळतं. म्हणजे पाइपमधली ओल खोलीच्याच तापमानाला वाफ होते आणि ती वाफ पंप ओढून बाहेर टाकतो. वाफ व्हायला वेळ लागतो, म्हणून घाई चालत नाही.

आता तुमचा काटा. एक इंच पारा म्हणजे २५,४०० मायक्रॉन. ५००० मायक्रॉन आणि ५०० मायक्रॉन यांच्यातला फरक त्या मॅनिफोल्ड गेजवर इंचाच्या पाचव्या भागाहूनही कमी, काट्याच्या जाडीतच जातो. काटा तळाला टेकला याचा अर्थ काम सुरू झालं एवढाच. मायक्रॉन गेज लावा, आणि तो पंपाजवळ नको, मशीनच्या बाजूला लावा, नाहीतर तो पंपाचंच कौतुक सांगत बसेल. ५०० किंवा खाली आला (कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरायचा) की आधी पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद, मग पंप बंद, आणि दहा-पंधरा मिनिटं आकडा बघत बसायचं. थोडा चढून थांबला तर ठीक. दीड-दोन हजारापर्यंत चढून तिथेच रेंगाळला तर आत अजून ओल आहे. थांबायचं नावच घेत नसेल तर लिकेज आहे, मग पंप रात्रभर चालवा काही उपयोग नाही, आधी तुमचे होज आणि जोड तपासा, बरेचदा चोर तिथेच सापडतो. ओल हट्टी असेल तर कोरडा नायट्रोजन भरून सोडायचा आणि परत व्हॅक्यूम, असं दोन-तीनदा.

आणि वेळ वाचवायचाच असेल तर जाड होज लावा, सर्व्हिस पोर्टमधली (होज जोडायच्या तोंडातली) पिन काढायचं टूल वापरा, पंपाचं ऑइल बदला. दुधाळ दिसायला लागलं की त्यात पाणी गेलंय, त्या ऑइलवर पंप खोल व्हॅक्यूम देणारच नाही.

प्रश्न : फ्रिजच्या जुन्या कॉम्प्रेसरचा व्हॅक्यूम पंप करता येतो म्हणतात. आणि मशीनमधला स्वतःचाच कॉम्प्रेसर चालवला तर?

उत्तर : जुना कॉम्प्रेसर ओल काढण्याइतका खोल जातच नाही. मशीनचा स्वतःचा तर अजिबात चालवू नका. व्हॅक्यूममध्ये टर्मिनलवर आर्क होतो म्हणजे ठिणगी उडते, वाइंडिंग जळतं. मेगर टेस्टसुद्धा (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायची) त्या अवस्थेत करायची नाही. मेन सप्लाय बंदच ठेवा.

प्रश्न : यात जिवाला धोका कुठे असतो? घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारतेय.

उत्तर : मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, गॅसची शेगडी, दिवा काही पेटतं नको. आर-३२ सहज भडकत नाही पण पेटू शकतो, आर-२९० म्हणजे तर सरळ प्रोपेनच. असल्या गॅसच्या मशीनला ठिणगी न उडणारा, त्यासाठीच बनवलेला पंप लागतो. आधी गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढायचा (सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही), मगच पंप जोडायचा. द्रव गॅस अंगावर उडाला तर कातडी गोठते, म्हणून हातमोजे आणि चष्मा.

लिकेज बघायला रेग्युलेटर लावून नायट्रोजनच, ऑक्सिजन कधीच नाही, आतल्या ऑइलशी त्याचा स्फोट होतो. आणि एसी हलवताना जे पंप डाउन करतात, म्हणजे कॉम्प्रेसर चालवून सगळा गॅस आउटडोरमध्ये गोळा करायचा, तेव्हा कॉम्प्रेसर चालू असताना कोणी पाइपचा नट सैल करत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. हवा आत ओढली जाते, ऑइलच्या धुक्याबरोबर दाबली जाऊन तापते आणि पेटते, कॉम्प्रेसर फुटून माणसं गेलेली आहेत. आधी दोन्ही व्हॉल्व्ह बंद, मग मशीन बंद, मग मेन बंद, मग पाना.